धाकट्याची घसर

धाकट्याला सगळं जग धाकटाच म्हणायचं. घरात धाकटा, बँडमध्ये धाकटा, पोस्टरवर ‘मोठा आणि धाकटा’, आणि पन्नाशी उलटून डोक्यावर चांदी आली तरी धाकटाच. तरुण पोरं तेवढी आदराने ‘धाकटे सर’ म्हणत, आणि ते ऐकलं की त्याच्या बायकोला दर वेळी हसू फुटे. मोठा म्हणजे त्याचा सख्खा भाऊ, दादा. दादा गायचा आणि धाकटा त्याच्या डाव्या अंगाला, अर्धं पाऊल मागे, बेस गिटार घेऊन उभा असायचा. हे बेस प्रकरण लोकांना समजावताना त्यांच्या आईच्या नाकी नऊ यायचे. ‘धाकटा बेस वाजवतो’ म्हटलं की समोरचा म्हणणार, ‘बेस वाजवतो ना, मग काळजी कसली!’ मग ती बिचारी सांगत बसे, की चार जाड तारांची गिटार असते, आवाज पार खाली, खर्जात असतो, वाजत असताना कुणाचं लक्ष जात नाही, थांबली की मात्र घरातलं कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटतं. बेसवर पुढे पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं, पण यापेक्षा बरं कुणाला सुचलं नाही.

ती गिटारही काही त्याने निवडलेली नव्हती. शाळा सुटल्यावर एका रिकाम्या गोदामात चौघांनी बँड काढला, तेव्हा एकाला ड्रम हवे होते, एकाला सहा तारांची गिटार हवी होती आणि दादाला माइक. धाकटा सगळ्यांत लहान, त्याला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. उरलेली गिटार त्याच्या गळ्यात अडकवली गेली आणि दादा म्हणाला, “तू मागे उभा राहा आणि चुकू नकोस.” धाकट्याने मान डोलावली आणि पुढचा सगळा जन्म तेवढंच केलं.

दादाचा आवाज काय सांगावा! पहिली ओळ सुटली की खुर्चीत चुळबुळणारा माणूस जागच्या जागी थांबायचा. पण देणारा एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने थोडं काढून घेतो. दादाचा सूर पक्का नव्हता. वरच्या पट्टीत लांब ओळ धरली की शेवटाकडे आवाज हळूच खाली सरकायचा. फार नाही, केसभर. पण जाणत्याच्या कानाला खुपेल इतका. दादाला ते कळतंय असं काही दिसत नव्हतं. आईला कळायचं, तिचा कान भारी तिखट. पहिल्या कार्यक्रमानंतर तिने धाकट्याला स्वयंपाकघरात गाठलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, “त्याला बोलू नकोस हं काही, हिरमुसेल. तूच सावरून घे.”

आता सावरून घ्यायचं म्हणजे करायचं काय? धाकट्याने पुष्कळ डोकं खाजवलं. दादाचा आवाज खाली सरकला आणि बेस आपल्या जागी खांबासारखा उभा राहिला, तर चूक चव्हाट्यावर येते. पण बेसही त्याच्याबरोबर खाली सरकला आणि मग दोघं मिळून वर चढले, तर ऐकणाऱ्याला वाटतं की वाटच तशी होती, उतार होता, ठरवून उतरले. अडचण एकच होती. गिटारीच्या गळ्यावर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्या प्रत्येक सुराला त्याच्या खणात बसवतात. दोन सुरांच्या मधल्या जागेत बोट ठेवायची सोयच नसते. आणि दादाचा मुक्काम तर नेमका त्या मधल्या जागेत.

धाकटा तेव्हा मोटर भरण्याच्या दुकानात नुकताच कामाला लागला होता. जळलेल्या पंप-पंख्यांच्या मोटारींतून काळी पडलेली तार ओढून काढायची आणि तांब्याची नवी तार वेटोळी करून भरायची, असं ते काम. एका सुट्टीच्या दिवशी तो गिटार घेऊन दुकानात गेला आणि पकडीने सगळ्या पट्ट्या एकेक करून उपटून काढल्या. राहिलेल्या खाचांत मोटारीला लावायचं वार्निश ओतलं आणि घासून गुळगुळीत केलं. दुकानाचे मालक बघत होते. ते म्हणाले, “लोक बिघडलेलं घेऊन येतात, तू चांगलं घेऊन येतोस. छान.” धाकटा तारा परत चढवू लागला. त्याचं बोट आता तारेवर कुठेही जाऊ शकत होतं, आणि दादाच्या मागे कुठवर जावं लागेल याचा त्याला अंदाज होता.

अशी ती घसर जन्माला आली. पुढे ‘जिन्याचं गाणं’ निघालं. लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीत एक माणूस सामान घेऊन चढतोय, एवढंच ते गाणं. दर कडव्याच्या शेवटी ‘अजून एक मजला’. त्या ‘मजला’वर दादाचा आवाज खाली ओघळायचा, खालून बेस त्याला झेलायचा आणि दोघं एकत्र वर यायचे. गाणं घराघरांत गेलं. दादाची चाहती माणसं दादाला कवटाळायची, पण गिटार शिकणारी पोरं धाकट्याच्या बोटांकडे टक लावून बघायची. त्यांनी त्या सरकण्याला ‘घसर’ नाव दिलं. दूरदूरच्या गावांत पोरं पट्ट्या उपटू लागली. एका गिटारवाल्या दुकानदाराने तर पाटीच लावली, की पट्ट्या उपटलेला माल परत घेतला जाणार नाही. एका विद्वानाने मासिकात लेख लिहिला आणि घसरीत मानवी अस्तित्वाची अगतिकता असल्याचं सांगितलं. बायकोने तो धाकट्याला वाचून दाखवला, तेव्हा तो मोटारीत तार भरत होता. “असेल,” तो म्हणाला.

पोरं विचारायची, “सर, घसर सुचली कशी?” तो म्हणायचा, “पाय घसरतो तशी.” पोरं हसायची आणि त्याचा विनय म्हणून घरी घेऊन जायची. खरं कारण दादाचं नाक कापल्याशिवाय सांगता येत नव्हतं, म्हणून त्याने ते कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. नाव झालं तरी दुकान त्याने सोडलं नाही. त्याला मोटारी आवडायच्या. भरून झालेली मोटर बटण दाबल्यावर खालच्या सुरात गुणगुणायला लागली, की त्याला त्या दिवसापुरतं बरं वाटायचं.

मग एका साध्यासुध्या दुपारी दादा गेला. न्हाव्याच्या खुर्चीत बसला होता, डोळे मिटले, न्हाव्याला वाटलं डुलकी लागली. दुकानात फोन आला तेव्हा धाकट्याच्या हातात पंपाची मोटर होती, अर्धी भरलेली. अर्धवट सोडली की वेटोळी सैल पडतात. त्याने फोन ठेवला, मोटर पूर्ण भरली, दोरा बांधला, वार्निश लावलं आणि मग हात धुऊन निघाला. बायकोने नंतर विचारलं, “कळल्यावरही भरत बसलात?” तो म्हणाला, “सैल पडली असती.”

करायचं ते सगळं त्याने केलं. माणसांना निरोप दिले, वहिनींच्या शेजारी उभा राहिला, आल्यागेल्याला पाणी दिलं. रडू मात्र आलं नाही. त्याने वाट पाहिली. लोकही पाहत होते. काहींच्या चेहऱ्यावर तर जरा निराशाच दिसली. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतात आणि ओठ आपला राहत नाही, बोटाने दाबला तरी दुसऱ्याचा वाटतो, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं. जेवण जेवत होता, झोप झोपत होता, कामावर जात होता. एकदा भिंतीवरची गिटार काढून मांडीवर घेतली, तर बोटं तारांवर नुसती पडून राहिली. त्याने ती परत खुंटीला अडकवली.

नेमका तेव्हाच एका वर्तमानपत्राच्या बातमीदाराचा फोन आला. धाकटा उठेना, म्हणून बायकोने घेतला. बातमीदार म्हणाला, सरांशी दोन शब्द बोलायचे होते. ती कंटाळून गेली होती, खरं तर घाबरली होती. ती म्हणाली, “काही उपयोग नाही हो. ते अगदी बधिर झालेत. किती बोला, काही पोचतच नाही त्यांच्यापर्यंत.”

दुसऱ्या दिवशी छापून आलं: ‘ज्येष्ठ बेसवादक कर्णबधिर. बंधूंच्या निधनाच्या धक्क्याने श्रवणशक्ती गमावली.’

बायकोने कपाळाला हात लावला. “अहो, मी मनाचं सांगत होते आणि हा मेला कानाचं समजला! थांबा, आत्ता फोन करून झापते.” धाकट्याने ती बातमी सावकाश वाचली. “राहू दे,” तो म्हणाला. तिला वाटलं, आज राहू दे म्हणतोय. त्याला म्हणायचं होतं, कायमचंच राहू दे.

कारण त्या बातमीने त्याची मोठीच सोय झाली होती. ‘आता कसं वाटतंय?’ हे विचारणारी माणसं एका दिवसात बंद झाली. ज्याला ऐकू येत नाही त्याला विचारून काय करणार? शेजारी हातवारे करू लागले. दुकानात गिऱ्हाइकं आधी कानाशी येऊन ओरडायची, मग मोटारीकडे बोट दाखवून दोन्ही हात हवेत उडवायची, म्हणजे जळली. शिवाय माणसं त्याच्यासमोर मोकळेपणाने बोलायला लागली. एक जण दुसऱ्याला म्हणाला, “मोठा होता तोवर होतं सगळं. हा काय, शेपूट.” धाकट्याने ऐकलं आणि पान्याने नट आवळला. वाईट वाटायला हवं होतं, एवढं त्याला कळलं.

बायको मात्र दिवसेंदिवस तापत चालली. “झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला कसं उठवायचं?” ती भांडी आपटत म्हणायची. “निदान वहिनींना तरी सांगा. त्या बाईने नवरा घालवलाय आणि वर तुमच्या कानांसाठी रडतात फोनवर.” तो म्हणायचा, सांगतो. सांगत नव्हता. ती म्हणाली, “मी सांगणार नाही. तुमचं सोंग, तुम्हीच उतरवा.”

इकडे पोरांना वेगळंच काही सुचलं. त्यांच्यात एक चष्मेवाली होती, घसर वाजवणाऱ्यांत सगळ्यांत तयार. स्वतःच्या शिकवणीत शिष्यांना सांगायची की पट्ट्या उपटल्याशिवाय माझ्या दारात यायचं नाही. तिने धाकट्या सरांच्या सन्मानाचा कार्यक्रम ठरवला. जुन्या सिनेमागृहात संध्याकाळी, आठ तरुण बेसवादक, सगळी धाकट्याच्या घसरीवर वाढलेली. सरांना ऐकू येत नाही, म्हणून तिने पहिल्या रांगेपुढे लाकडी चौथरा करून घेतला, त्याखाली मोठा स्पीकर बसवला आणि वर दोन खुर्च्या ठेवल्या, एक सरांची आणि एक वहिनींची. बूट काढून बसायचं, म्हणजे सूर तळव्यांतून अंगात चढेल. एवढा जीव कुणी कुणासाठी टाकत नाही. धाकट्याची गिटारही तिने येऊन मागितली, पाटीवर लिहून. मंचावर नुसती उभी ठेवायची म्हणाली. त्याने खुंटीवरून काढून दिली. बायको म्हणाली, “मी येणार नाही. कान असलेल्या बहिऱ्याशेजारी बसून मी काय करू?”

कार्यक्रमाच्या दिवशी तो लवकर पोचला. तंत्रज्ञ तारा जोडत होता, पोरं गिटारी जुळवत होती. वहिनीही आल्या होत्या. त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि कुणीतरी लहान मुलाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. चष्मेवाली त्यांना कार्यक्रम समजावून सांगू लागली, धाकट्याच्या डोक्यावरून, जणू तो खुर्चीचाच भाग आहे.

“आणि शेवटी एक गंमत आहे, काकू,” ती म्हणाली. “आम्हाला जिन्याच्या गाण्याची मूळ टेप मिळाली, स्टुडिओतली. प्रत्येक वाद्य वेगळं काढता येतं. सगळं बंद करणार, सरांचा बेससुद्धा. फक्त मोठ्या सरांचा आवाज. नुसता, उघडा. मंचावर कुणी नाही, फक्त धाकट्या सरांची गिटार आणि तिच्यावर दिवा. सरांना ऐकू येणार नाही, पण लोकांना कळेल की ते दोघं कसे होते.”

“किती छान,” वहिनी म्हणाल्या, आणि डोळे पुसले.

धाकट्याच्या पायाखालचा चौथरा नुसता लाकडाचा होता, तरी तो हलल्यासारखा झाला. नुसता आवाज! खाली झेलायला कुणी नाही. सगळं सिनेमागृह भरलेलं, त्यातले निम्मे जाणते, आणि ‘मजला’वर दादा एकटाच सगळ्यांदेखत घसरणार. इतकी वर्षं झाकून ठेवलेली दादाची उणीव धाकट्याच्याच सन्मानाच्या नावाखाली उघडी पडणार. हे थांबवायला हवं होतं. पण थांबवायचं तर तोंड उघडायला हवं. तोंड उघडलं की पहिला प्रश्न, तुम्हाला ऐकू आलं? आणि दुसरा प्रश्न, का थांबवायचं? त्याचं उत्तर एकच होतं, आणि ते दिलं की तोच दादाची लाज काढणार. बोलावं तरी पंचाईत, न बोलावं तरी पंचाईत. तो मंचाकडे बघत बसला. गिटार तिथे उभी होती. उठून ती घेतली आणि आवाजाखाली वाजवली तर निभेल, हा एकच मार्ग होता. त्याने मांडीवर बोटं हलवून पाहिली. हलत होती, पण त्यांत काही नव्हतं.

कार्यक्रम सुरू झाला. पोरांनी जीव तोडून वाजवलं. तळव्यांना नुसत्या मुंग्या येत होत्या. एकेक पोर वाजवून झालं की त्याच्याकडे बघून वाकायचं आणि तो हात वर करायचा. सगळी घसरत होती, अगदी बरोबर घसरत होती, आणि त्याला वाटत होतं, अरे पोरांनो, कुणासाठी? तुमच्या पुढे तर कुणी घसरलेलाच नाही.

मध्यंतरात दिवे लागले, लोक चहाला बाहेर गेले. वहिनी उठल्या नाहीत. त्या समोर बघत बसल्या होत्या, आणि मग तशाच समोर बघत बोलायला लागल्या, भिंतीशी बोलावं तसं.

“एका अर्थी बरंच झालं हो भाऊजी, तुम्हाला ऐकू येत नाही. नाहीतर मला हे बोलता आलं नसतं. हे मला शपथ घालून गेलेत.” त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “ह्यांना ठाऊक होतं सगळं. आपण घसरतो ते, आणि तुम्ही सावरता ते. सासूबाईंनी तुम्हाला काय सांगितलं होतं तेसुद्धा ह्यांनी दाराआडून ऐकलं होतं. लाज वाटली म्हणे. मग आमचं लग्न झाल्यावर गुपचूप शिकवणी लावली, एका म्हाताऱ्या बाईंकडे. तिने घासूनपुसून सूर पक्का करून घेतला. घरात गाताना मी ह्यांना कधी घसरताना ऐकलं नाही. न्हाणीघरात सुद्धा नाही.”

धाकटा समोर बघत राहिला. त्याने मानसुद्धा हलू दिली नाही.

“मी म्हटलं, मग आता मंचावर नीट गा की. तर म्हणाले, अगं, तोवर त्याने गिटारीच्या पट्ट्या उपटून टाकल्यात. कार्यक्रमाला येणारी पोरं त्याच्या बोटांकडे बघायला लागलीत. मी सुरात गायलो तर त्याने करायचं काय? सगळे मलाच बघतात, त्याच्या वाट्याला तेवढी एक घसर आलीय, तीही काढून घेऊ?” वहिनींना हसू आलं आणि ते अर्ध्यावर मोडलं. “मुद्दाम घसरायचे, भाऊजी. जन्मभर. चांगल्या गळ्याला नावं ठेवून घेतली. वर म्हणायचे, कितीही खाली जा, हा येतोच.”

लोक परत आले, दिवे मंदावले. धाकट्याला राग आला. कितीतरी दिवसांनी काहीतरी आलं, तर ते हे! म्हणजे आपण आयुष्यभर ज्याला हात देत होतो, तो स्वतःच्या पायांवर धड उभा होता? मग आपण कोण? आपलं काय? आणि लगेच वाटलं, वहिनी उगाच गोड करून सांगताहेत. बायका नवऱ्याच्या मागे असंच काहीबाही चांगलं जोडतात. पण मग त्याला आठवलं, की त्या त्याला सांगतच नव्हत्या. त्यांच्या लेखी तो बहिरा होता. बहिऱ्याला गोड सांगून कुणाला काय मिळतं? खरं काय आणि खोटं काय, हे सांगणारा निघून गेला होता. आणि खरं असलं तरी आता काय उपयोग! मुद्दाम घसरला की चुकून, लोकांना थोडंच कळणार? त्यांना फक्त बेसूर ऐकू येणार.

शेवटचा पोरगा वाकून गेला. मंच रिकामा झाला. गिटारीवर दिवा पडला, आणि दादाचा आवाज आला.

नुसता आवाज. श्वाससुद्धा ऐकू येत होते. धाकट्याला तो स्टुडिओ आठवला, ती अंडी ठेवायच्या पुठ्ठ्यांनी मढवलेली खोली. ड्रमवाला पलीकडच्या खोलीत, बेसची तार थेट मशीनला जोडलेली, दादाच्या कानांवर हेडफोन आणि समोर धाकटा, हाताच्या अंतरावर. बेस फक्त दादाच्या कानांत वाजत होता, खोलीत नाही. म्हणून माइकमध्ये आलेला हा आवाज इतका एकटा होता.

कडवं चढत चाललं. धाकटा उठला. त्याने ठरवलं नव्हतं, पाय अनवाणीच मंचाच्या पायऱ्यांकडे निघाले. दोन पावलांत पोचू आणि गिटार घेऊ, असं त्याला वाटलं. पण तार जोडलेली नव्हती, आणि ‘अजून एक’ होऊन गेलं होतं. तो पहिल्या पायरीवर पोचला तेव्हा ‘मजला’ आला. दादा घसरला, उघडाबोडका, सगळ्यांसमोर. मागच्या रांगेत कुणीतरी ‘च्च’ केलं.

आणि त्या घसरीच्या अगदी तळाशी, जिथे बेस यायचा, तिथे दादा हसला.

नाकातल्या नाकात, ओठ मिटून, टेप खराब होऊ नये म्हणून आवरलेलं, खुदकन. हेडफोनमध्ये धाकटा आला तेव्हाचं. गाणं घराघरांत वाजलं, पोरांनी हजारदा ऐकलं, धाकट्याने स्वतः ऐकलं, पण ते हसू कुणाला कधी ऐकू आलं नव्हतं, कारण नेमकं त्याच जागी त्याचा बेस वाजत होता. आणि हसून झाल्यावर आवाज वर चढला, बेसशिवाय, कुणाच्याही हाताशिवाय, एका दमात, आणि बरोबर आपल्या सुरावर जाऊन बसला. केसभरसुद्धा इकडे-तिकडे नाही.

सभागृहातही हसू पसरलं. दादाला हसणारं नव्हतं ते. दादा हसला म्हणून सगळे हसले. चष्मेवाली विंगेत तोंडावर हात धरून उभी होती.

धाकटा पायरीवर बसला आणि रडायला लागला. आवाज करून, तोंड वेडंवाकडं करून, माणसं पोटाच्या दुखण्याने रडतात तसा. कळ आली होती, खरीखुरी, छातीत, हातांत, सगळीकडे. दादा गेला होता. तो आता येणार नव्हता. हे त्याला त्या पायरीवर पहिल्यांदा कळलं. वहिनी धावत आल्या आणि त्याचे खांदे धरले.

“वहिनी, दादा हसला,” तो म्हणाला. “मी आल्यावर हसला तो.”

“हसायचेच हो ते, प्रत्येक वेळी...” वहिनी बोलून गेल्या आणि थबकल्या. त्यांचे हात त्याच्या खांद्यांवर तसेच राहिले. “भाऊजी?”

“येतं मला ऐकू,” धाकटा म्हणाला. “मघाशीही आलं. सगळं आलं.”

वर दुसरं कडवं सुरू झालं होतं. आता वहिनी बोलतील, ओरडतील, निदान हात तरी काढून घेतील, असं त्याला वाटलं. पण पदर सावरून त्या त्याच्याशेजारी पायरीवर टेकल्या.

“मग नाक पुसा आणि नीट ऐका,” त्या म्हणाल्या. “पुन्हा घसरतील आता.”